नाताळाआधीची झाडलोट



डिसेंबर लागला की थंडी अंगाला झोंबू लागते. ज्वारी पोटरीत आलेली असते, हरभरा फुलावर असतो, आणि रात्री शेकोटीपाशी बसून चार गोष्टी बोलायला माणसाला जरा सवड मिळते. या सवडीत आज तुम्हाला नाताळाच्या तयारीची गोष्ट सांगणार आहे. नाताळ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काय येते? कागदाची चांदणी, केक, लाल टोपीचा म्हातारा. शहरातल्या दुकानांनी आपल्याला एवढेच दाखवले. पण आपल्याच राज्यात, आपल्यासारखीच माती हाताळणारी, मराठी बोलणारी हजारो ख्रिस्ती शेतकरी घरे आहेत. सणाआधी त्यांची तरुण मुले-मुली एक काम करतात, ते फारसे कुणाला ठाऊक नसते. ती दीड-दोन दिवस गप्प बसतात.

हसू नका. विशीतल्या पोराला दोन दिवस गप्प बसवून पाहा, मग कळेल काम किती जड आहे ते!

ही घरे अहिल्यानगर, जालना या भागांत आहेत, तशीच वसईत आहेत. वसईचे एक जुने स्नेही माझे आहेत, केळीची वाडी करतात. मी काही त्यांच्या धर्माचा नाही, पण त्यांच्यामुळे हे जवळून पाहायला मिळाले, म्हणून वसईचेच सांगतो.

वसई तालुका पूर्वी ठाणे जिल्ह्यात होता, २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी, मध्ये गोड्या पाण्याच्या विहिरी. केळी, नागवेलीची पाने, भाजीपाला, फुले ही तिथली जुनी पिके. भल्या पहाटे टोपल्या घेऊन गाडीने मुंबईचा बाजार गाठणाऱ्या वसईच्या बाया एकेकाळी सगळ्या मुंबईला माहीत होत्या. १५३४ साली तहाने हा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला, १७३९ साली चिमाजी आप्पांनी किल्ला घेतला. पोर्तुगीज गेले, पण त्यांच्या काळात ज्यांनी तो धर्म घेतला ती घरे तिथेच राहिली. विहीर तीच, वाडी तीच, बोली तीच. नाताळ हा शब्दसुद्धा त्याच पोर्तुगिजांचा, त्याचा अर्थ जन्म. आपण तो इतका पचवला की परका वाटतच नाही.

आता त्यांच्या तयारीकडे वळू. २५ डिसेंबरच्या आधीचे चार रविवार धरून जो काळ येतो त्याला ते आगमनकाळ म्हणतात. या काळात धर्मगुरूंचा उपासनेचा झगा जांभळा असतो, कारण जांभळा हा त्यांच्याकडे पश्चात्तापाचा रंग. हिरव्या डहाळ्यांच्या कड्यात चार मेणबत्त्या रोवतात आणि दर रविवारी एक जास्त पेटवतात. लग्ने या दिवसांत शक्यतो धरत नाहीत. थोडक्यात, सण येणार आहे, पण अजून आलेला नाही, हे सगळ्यांना कळावे अशी व्यवस्था असते. आपल्याला दिवाळीआधी घर सारवण्याची सवय आहे, तसेच हे. फरक एवढाच, की इथे भिंतींबरोबर माणूसही झाडून घ्यायचा असतो.

तरुणांसाठी ही जी झाडलोट असते तिला रिट्रीट म्हणतात. मराठीत कुणी तपसाधना म्हणतात, कुणी प्रार्थना-शिबिर. मूळ शब्दाचा अर्थ मागे सरणे. नांगरताना तास संपला की आपण नांगर उचलतो, बैल वळवतो आणि मग नवे तास धरतो. न थांबता तसेच पुढे गेलो तर फाळ शेजाऱ्याच्या शेतात! वर्षभर सरळ रेषेत हाकत आलेल्या माणसाने बांधापाशी थांबून वळायचे, एवढाच याचा अर्थ.

दिवस कसा जातो? शनिवारी संध्याकाळी पोरे-पोरी धर्मग्रामाच्या सभागृहात किंवा एखाद्या आश्रमात जमतात. कुणी कॉलेजात, कुणी अंधेरीला नोकरीत, कुणी घरच्या वाडीवर. दारातच एक टोपली ठेवलेली असते, तीत मोबाइल टाकायचे. निम्मी झुंज तिथेच होते. रात्री प्रार्थना आणि झोप. सकाळी धर्मगुरू किंवा सिस्टर शास्त्रातला एक उतारा वाचतात, त्यावर अर्धा तास बोलतात, आणि मग सगळ्यांना बाहेर सोडतात. बाहेर म्हणजे गप्पा मारायला नव्हे. एकेकट्याने एकेका झाडाखाली बसायचे आणि तासभर कुणाशी बोलायचे नाही. असे दिवसातून तीन-चारदा. दुपारी जेवण साधे, तेही मुकाट्याने. कित्येकांना पहिल्या तासाला झोप येते, दुसऱ्या तासाला कंटाळा येतो, आणि तिसऱ्या तासाला एकेक गोष्ट आठवायला लागते. तीच खरी वेळ.

आपल्याकडे सप्ताह होतात, पारायणे होतात, त्यांची गोडी मला ठाऊक आहे. पण खरे सांगायचे तर आपल्या सप्ताहात माइकला विश्रांती नसते. त्यांच्यातही आता काही ठिकाणी वाजंत्री, टाळ्या, रडारड अशी मोठी शिबिरे भरतात. ज्याला ती आवडतात त्याने जावे. माझे मत विचाराल तर झाडाखालचा तो मुका तास मला जास्त मोलाचा वाटतो.

ही रीत आली कुठून, त्याची कथा ऐकण्यासारखी आहे. स्पेन देशात इग्नेशियस नावाचा एक सरदारपुत्र होता. तलवार, घोडा आणि मानपान यांतच रमलेला. २० मे १५२१ रोजी पाम्प्लोना या किल्ल्याच्या लढाईत तोफेचा गोळा लागून त्याचा पाय मोडला. वय तिशीच्या आसपास. हाड नीट बसले नाही म्हणून ते पुन्हा मोडून बसवले. एवढ्यावर भागले नाही. हाडाचा एक उंचवटा वर राहिला, त्याने घट्ट बूट घालता येईना, म्हणून या गड्याने तो करवतीने कापून घेतला! भूल देण्याचे औषध तेव्हा नव्हते. नटण्याची हौस माणसाला कुठवर नेते पाहा.

पुढे महिनोन्महिने खाटेवर. वाचायला त्याने शूर सरदारांच्या कादंबऱ्या मागितल्या, पण त्या वाड्यात सापडली दोनच पुस्तके, एक ख्रिस्ताचे चरित्र आणि एक संतांच्या कथांचे. नाइलाजाने तीच वाचली. पडल्या पडल्या त्याच्या ध्यानात एक गोष्ट आली. लढाया आणि सुंदर स्त्रियांची स्वप्ने रंगवताना मजा वाटे, पण नंतर मन कोरडे पडे. संतांसारखे जगावे असा विचार केला की तेव्हाही बरे वाटे आणि नंतरही बराच वेळ बरे वाटत राही. आपण दुभत्या जनावरांचे लोक, आपल्याला हे लगेच समजेल. एक चारा खाताना गोड लागतो पण दुधाला उतरत नाही. दुसरा संध्याकाळी चरवीत दिसतो. विचाराचेही असेच असते, आणि ते ओळखायचे तर आधी गप्प बसून वाट पाहावी लागते, हे त्या खाटेवरच्या माणसाने ओळखले.

बरा झाल्यावर तो मानरेसा या गावी काही महिने एकांतात राहिला आणि जे अनुभवले ते टिपून ठेवत गेला. त्या टिपणांचे पुस्तक १५४८ साली पोपच्या संमतीने छापले गेले. पूर्ण साधना तीस दिवसांची आहे. तरुणांच्या या दीड-दोन दिवसांना तिची बोनसाय म्हणा हवे तर. इग्नेशियसचा सोबती फ्रान्सिस झेवियर ६ मे १५४२ रोजी गोव्याला उतरला, म्हणजे ही रीत आपल्या किनाऱ्याला लागून पावणेपाचशेहून जास्त वर्षे झाली. त्याच येशू संघाचा इंग्रज धर्मगुरू थॉमस स्टीफन्स याने मराठी ओवीत लिहिलेले क्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात छापले गेले, हे तुमच्यापैकी काहींनी शाळेत वाचले असेल.

इग्नेशियसच्या साधनेत ख्रिस्तजन्मावर मनन करायचा एक पाठ आहे. तो मला फार आवडतो. डोळे मिटून प्रसंग पाहायचा. नाझरेथहून बेथलेहेमला जाणारी वाट. ती रुंद आहे की अरुंद, सपाट आहे की चढउताराची, हे आपले आपण पाहायचे. सम्राटाने नावनोंदणी काढली आहे, ज्याने त्याने आपल्या मूळ गावी जाऊन नाव लावायचे. सातबाऱ्यावर नाव लावायला तलाठ्याकडे खेटे घालणाऱ्या आपल्यासारख्यांना हा प्रसंग वेगळा समजावून सांगायला नको. दिवस भरलेली मरिया गाढवावर बसली आहे, योसेफ बरोबर चालतो आहे, एक दासी आहे, आणि त्यांनी एक बैलही बरोबर घेतला आहे. गाढव आणि बैल या प्रवासात होते असे बायबलात कुठे लिहिलेले नाही, इग्नेशियसने मनन करणाऱ्यासाठी ते रंगवले. मग ते गाव, जागा नाही म्हणून नकार, आणि जनावरांची गव्हाण. बाळाला गव्हाणीत ठेवले हे मात्र शास्त्रातच आहे. पेंढ्याचा वास, गोठ्यातली ऊब, शिंगांचा खडखड आवाज हे सारे शहरातल्या माणसाला कल्पनेने आणावे लागते. आपल्याकडे ते रोजचे आहे. आणि ही बातमी पहिल्यांदा कुणाला कळली? रात्री मेंढरे राखत उघड्यावर बसलेल्या मेंढपाळांना.

पण या पाठाची खरी मेख पुढे आहे. आपण नुसते लांबून बघायचे नाही. त्या गोठ्यात आपण एक गरीब गडी आहोत, आपल्याला काही मान नाही, पण पाणी आणणे, जागा झाडणे अशी कामे आपल्याला करता येतील, असे समजून तिथे उभे राहायचे. मग स्वतःला विचारायचे, या घरात मी कोण? काम करणारा, की ज्याचे सगळे दुसरे करतात तो?

आगमनकाळात आणखी एका माणसाची गोष्ट आवर्जून वाचतात. त्याचे नाव बाप्तिस्मा करणारा योहान. रानात राहणारा, तोंडाचा फटकळ. लोक त्याच्याकडे गेले आणि म्हणाले, आम्ही काय करावे? त्याने त्यांना उपास सांगितले नाहीत, यात्रा सांगितल्या नाहीत. ज्याच्याकडे दोन अंगरखे असतील त्याने एक नसलेल्याला द्यावा, जेवणाचेही तसेच. जकात वसूल करणाऱ्यांना तो म्हणाला, ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नका. शिपायांना म्हणाला, कुणाला धाकदपटशा दाखवून उकळू नका, पगारात भागवा. दोन हजार वर्षे झाली, पण हे बोलणे आपल्या तालुक्याच्या कचेरीबाहेर उभे राहून केल्यासारखे वाटते की नाही?

दुपारी प्रत्येकाच्या हातात एक कागद देतात. त्यावर प्रश्न असतात, उत्तर कुणाला दाखवायचे नसते. घरी मी कुणाशी बोलत नाही? कुणाचे पैसे द्यायचे राहिले? दारूच्या घोटापायी काय गमावले? माझ्या घरात जे आहे त्यात दुसऱ्या कुणाचे काही आहे का? मग ज्याला हवे तो धर्मगुरूपाशी जाऊन प्रायश्चित्त संस्कार घेतो, म्हणजे चुकले ते तोंडाने कबूल करतो. धर्मगुरूने ऐकलेली गोष्ट त्याने मरेपर्यंत कुणाला सांगायची नाही. फोडली तर त्याला धर्मातून बहिष्कृत होण्याची शिक्षा आहे. इथवर ठीक. बाहेरच्या लोकांना वाटते, कानात सांगितले, क्षमा मिळाली, काम संपले. तसे नाही. चोरलेले परत करायची, बिघडवलेले होईल तेवढे भरून द्यायची जबाबदारी क्षमेबरोबरच येते. येशूची शिकवणही तीच आहे. वेदीपाशी दान घेऊन गेलास आणि भावाचे मन दुखावल्याचे आठवले, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. धर्मगुरूच्या कानात सांगणे त्या मानाने सोपे. शेजाऱ्याचे दार वाजवणे अवघड.

वसईत हे दार अनेकदा जमिनीचे असते. मुंबई सरकत सरकत तिथवर आली. २००९ साली वसई-विरार महानगरपालिका झाली. जिथे रहाट फिरत होते तिथे इमारती उभ्या राहिल्या. ज्या जमिनीकडे कुणी ढुंकून पाहत नव्हते तिला सोन्याचा भाव आला, आणि भाव आला की भाऊबंदकीला धार येते. ही वसईचीच कथा आहे असे नाही. तुमच्या गावाशेजारून रस्ता गेला असेल तर तुम्हालाही ठाऊक आहे.

यात बहिणींचे काय होते, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. कायदा पाहाल तर आपल्या राज्यातल्या ख्रिस्ती घरांना १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू आहे. मृत्युपत्र न करता बाप वारला तर विधवेला तिसरा हिस्सा, आणि उरलेले मुलगे-मुली यांच्यात सारखे. देशभरच्या हिंदू घरांत सगळ्या मुलींना वडिलोपार्जित जमिनीत मुलासारखा जन्मतः हक्क द्यायला २००५ साल उजाडावे लागले. म्हणजे कागदावर त्यांच्या लेकी आपल्या लेकींच्या पुष्कळ पुढे होत्या. पण कागदाचे औषधही कागदच असते. त्याचे नाव हक्कसोडपत्र. माहेर तुटू नये म्हणून बहीण सही करते. आपल्यात करते तशीच त्यांच्यात.

माझ्या स्नेह्यांच्या गावातली ही गोष्ट आहे. नावे सांगत नाही. बावीस वर्षांचा एक मुलगा, आठवडाभर नोकरी करून रविवारी वाडीत बापाला हात देणारा. अशाच एका रिट्रीटला गेला होता. त्या कागदावर, आपल्या घरात दुसऱ्याचे काही आहे का या प्रश्नापुढे, त्याने एकच शब्द लिहिला : आत्या. धर्मगुरूशी काय बोलला ते कळायला मार्ग नाही, आणि नाही तेच बरे. घरी आल्यावर जेवताना त्याने विषय काढला.

"बाबा, आत्याची सही कधी घेतली होती?"

"कसली सही?"

"हक्कसोडाची."

बापाचा घास हातात राहिला. "तिच्या लग्नात आम्ही काही कमी केलं नाही. सही तिनं आपल्या हातानं केली. मी काही तिचा हात धरला नव्हता."

आई आतून म्हणाली, "हात धरला नव्हता. पण कागद कसला आहे ते वाचूनही दाखवलं नव्हतं."

त्या जमिनीचा एक तुकडा पुढे विकला गेला होता. राहते घर त्याच पैशांवर उभे राहिले होते, दारातली गाडीही. बाप जेवण टाकून वाडीत निघून गेला. पोराला वाटले, आपण उगाच बोललो. चार-पाच दिवस घरात कुणी कुणाशी धड बोलेना. गल्लीतल्या मुलांनी नाताळचा गोठा उभारायला घेतला, याने त्यांना बांबू आणि पेंढा नेऊन दिला. त्या गोठ्यात मरिया-योसेफ, मेंढपाळ, गाई सगळे आधी मांडतात, गव्हाण तेवढी रिकामी ठेवतात. बाळाची मूर्ती २४ तारखेच्या रात्रीच ठेवायची.

२३ तारखेला सकाळी बापाने राजेळी केळ्यांचा एक घड उतरवला, पोत्यात गुंडाळला आणि स्कूटरच्या पुढे ठेवला. दरवर्षी हा घड मुलगा नेऊन देत असे. या वर्षी मुलगा पुढे झाला तर बाप म्हणाला, "तू थांब." बहिणीचे गाव तीन-चार मैलांवर. तो गेला तो संध्याकाळी परतला. तिथे काय बोलणे झाले ते त्याने अजून कुणाला सांगितलेले नाही. बहिणीनेही नाही. नाताळच्या दुपारी मात्र ती दोन्ही मुलांना घेऊन माहेरी जेवायला आली. कितीतरी वर्षांनी आली होती. जेवण झाल्यावर भावजयीबरोबर मागच्या विहिरीवर जाऊन बराच वेळ बसली.

कागद व्हायचा आहे. वकिलाकडे एकदा जाऊन आले. जमीन विकून झालेली, पैसे घरात गेलेले, तेव्हा आता द्यायचे कसे आणि किती, हा गुंता आहे, आणि बाप म्हणतो मार्चनंतर पाहू. मुलगा दर रविवारी मिस्सेहून परतताना विचारतो. बाप म्हणतो, "किती वेळा विचारशील?" आणि आई म्हणते, "विचारू दे त्याला."